परीक्षकाच्या खुर्चीत आजी

विसरभोळ्या नातीस आशीर्वाद,

परक्या भाषेचे ढीगभर शब्द पाठ, आणि आजीला फोन करायचं तेवढं विसरलीस! मी सांगतेय, तुझी आई लिहितेय. वर्गातली मुलं हसली, म्हणून उद्या तोंडी परीक्षेलाच बसत नाहीस म्हणे? ती चुकीचंही दणकून बोलतात. तुला येत असून त्यांच्यासमोर अडखळतेस. अगं, मला फोनवर धडे म्हणून दाखवायचीस, तेव्हा कुठे अडखळायचीस? मला ओ की ठो कळत नसे. उद्या परीक्षकाच्या खुर्चीत मलाच बसव. चुकलीस तरी मी "हं, पुढे?" एवढंच म्हणेन.

पत्र उद्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून टाकतच नाही. आई फोन लावून हेच वाचून दाखवेल, ऐक.

तुझी अडाणी श्रोती,
आजी

ता. क. पास हो नाहीतर नापास, बिस्किटं पाठव. मऊ बघून घे, दात उरले नाहीत.