बसवराज लूज चक

३ नोव्हें. ९८, मंगळ.
यंत्रांच्या तक्रारींचं रजिस्टर इंग्रजीत सुरू केल्याला महिना झाला. नवे साहेब कोइमतूरचे, त्यांना ना मराठी ना कन्नड. अख्ख्या कारखान्यात ‘मी लिहिते’ म्हणून पुढे झाले ती मी एकटी. बाकीच्या दोघा क्लार्कांनी माना खाली घातल्या. महिनाअखेर माझं प्रोबेशन संपतं. रजिस्टर नीट ठेवलं तर कायम करतो, असा साहेबांचा शब्द. ठेवतेय की. इंग्रजीला लोक उगाच भितात. अप्पा तारखात्यात होते, त्यांच्याकडून शिकलेय: जास्तीचा शब्द म्हणजे दोष. आजच्या नोंदी: ऑइल फिनिश. बेल्ट न्यू. तिसरी बसवण्णाची. (चार नंबर लेथवरचा बसवराज, पण सगळे बसवण्णाच म्हणतात.) दाराशी येऊन म्हणाला, “चक् लूज आगेत्री अक्कार, बरकोळ्री.” नग पकडणारा चक लूज झालाय ताई, लिहून घ्या. लगेच लिहून घेतलं. बसवराज लूज चक. दहा सेकंदांचं काम.

६ नोव्हें., शुक्र.
अकराच्या सुमाराला चार नंबरच्या चकनं पकड सोडली. फिरता लोखंडी नग सुटला तो थेट भिंतीत. कुणाला लागलं नाही, बसवण्णा नेमका तेव्हा खाली वाकला होता. लेथ कामातून गेलं.
साहेबांनी रजिस्टर मागवलं. तिसऱ्या नोंदीवर बोट. बसवराज लूज चक. म्हणजे बसवराजनं चक लूज केला. त्यांनी तसंच वाचलं, आणि वाचायचं म्हटलं तर तसंच वाचता येतं. दुपारी बसवण्णाला घरी धाडला. सोळा तारखेला चौकशी, बंगळूरहून अधिकारी येणार.
केबिनमध्ये गेले. सर, ही टोल्ड मी. तर म्हणाले, मग ते इथं का नाही? “जे काय असेल ते लेखी द्या. इंग्रजीत.”
चोर सोडून संन्याशाला फाशी. चोर कोण ते केबिनमध्येच कळलं होतं.

७ नोव्हें., शनि.
संध्याकाळी उणकलला, तलावाजवळ, इनामदार बाईंकडे. शाळेत इंग्रजी शिकवलं ते त्यांनीच, आता रिटायर. नोंद दाखवली. “यात वाक्य कुठाय? तीन शब्द रांगेत उभे केलेस.”
मग पाचवीच्या पोरीला सांगावं तसं सगळं पहिल्यापासून. उद्देश्य म्हणजे ज्याच्याबद्दल बोलायचं ते. विधेय म्हणजे त्याच्याबद्दल जे बोलायचं ते. “नुसतं ‘आंबट ताक’ म्हणून बसलीस तर कोण उठणार आहे? ‘ताक आंबट आहे’ म्हण, घरातलं कुणीतरी उठून बघतं. विशेषण तेच. नामाच्या आधी लावलंस तर ती ओळख, ‘आहे’जवळ नेलंस तर ती बातमी.”
द चक इज लूज. एवढंच हवं होतं. मग मेंटेनन्सवाला उठला असता.
बसवण्णाच्या कन्नड वाक्यात क्रियापद होतं. ‘आगेत्री’, झालाय, म्हणाला होता तो. मीच झटकून टाकलं.

१० नोव्हें., मंगळ.
बसवण्णा सुट्टीच्या वेळी गेटवर. मला वाटलं भांडायला आलाय. कसलं काय. “नीव् बरदीरि अंद्र बरोब्बरिन बरदिरतीरि, अक्कार.” तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच लिहिलं असणार. त्याला इंग्रजी वाचता येत नाही. त्याची समजूत अशी की रजिस्टरात सगळं नीट आहे, साहेबच उलटं वाचतायत.
खरं सांगायला तोंड उघडलं आणि ‘बघू या’ म्हणाले. लाज वाटली. घरी येईपर्यंत वाटत होती, आत्ताही वाटतेय.

११ नोव्हें., बुध.
निवेदनाचा मसुदा. ह्यांनी वाचला आणि तज्ज्ञासारखी मान हलवली. “मिस्टेक वॉज मेड असं लिही. नाव कशाला कुणाचं? तुझं तर नकोच. कायम व्हायचंय ना?” ह्यांच्या खात्यात कुणी कधी काही केलेलंच नाही. सगळं झालेलं असतं, निदर्शनास आलेलं असतं. मी हसले. पण लिहिलं तसंच.

१३ नोव्हें., शुक्र.
बाईंनी ते वाक्य खोडलं. “केली कुणी?”
म्हटलं, मराठीतही आपण ‘माझ्याकडून चूक झाली’ म्हणतो.
“म्हणतो ना. त्यात उद्देश्य कोण? चूक. चूक आपल्या पायांनी चालत आली, तू नुसती वाटेत उभी होतीस.”
चिडले. चहा अर्धा टाकून उठले, तलावाला अर्धा फेरा मारला, परत आले. बाई तिथंच बसलेल्या, पेन उघडं ठेवून. लिहिलं:
आय रोट अ राँग एंट्री. बसवराज टोल्ड मी दॅट द चक वॉज लूज. आय डिड नॉट राइट ‘टोल्ड’.
बाईंनी तपासलं. एका पूर्णविरामाखेरीज काही सापडलं नाही.

१४ नोव्हें., शनि.
साहेबांनी दोनदा वाचलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, तुमचा कायम होण्याचा कागदही याच टेबलावर आहे. पहिलं आणि शेवटचं वाक्य काढा, मधलं ठेवा.
मधलं ठेवून काय उपयोग? सांगितलं होतं तर रजिस्टरात का नाही, म्हणून खोटा परत बसवण्णाच ठरणार. “नो सर,” म्हटलं. आवाज स्वच्छ निघाला. बाहेर आल्यावर पाणी प्यायले, दोन ग्लास.

१५ नोव्हें., रवि.
सकाळीच बसवण्णाच्या घरी. चौकशीत कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळू दे. रजिस्टरातली ओळ कागदावर काढून दाखवली, काय म्हणायचं होतं आणि काय झालं ते सांगितलं. कन्नडात सांगितलं, पूर्ण वाक्यांत.
कागद हातात घेऊन म्हणाला, “मूर शब्ददाग नन्न मनिगे कळिसिदिरि.” तीन शब्दांत मला घरी पाठवलंत.
खरंच होतं ते. चहा आला नाही, आणि यायला नकोच होता.
जिना उतरत होते, तेव्हा वरून विचारलं त्यानं, “निम्म नौकरी एनागतैत्री?” माझ्या नोकरीचं काय होणार. म्हटलं, माहीत नाही.

१६ नोव्हें., सोम.
निकाल बंगळूरहून येणार, दोघांचाही. कधी ते सांगितलं नाही. आत विचारायचं ते विचारून झालं, मीही न अडखळता उत्तरं दिली. भीती वाटली नाही असं नाही, पण वाक्य एकही तुटलं नाही.
लक्षात राहिलाय तो आत जाण्याआधीचा, बाहेरचा बाक. बसवण्णा आधीच येऊन बसलेला, इस्त्रीचा शर्ट घालून. मी टोकाला टेकले. आत अधिकारी माझं निवेदन मोठ्यानं वाचत होता. पहिला शब्द ऐकू आला, आय, आणि शिपायानं दार ओढून घेतलं.
“एनंत ओदाकत्तार्री?” बसवण्णानं विचारलं. काय वाचतायत?
“मी काय केलं ते,” म्हटलं.
त्यानं मान हलवली. मग जरा सरकला, मला नीट बसता येईल इतकी जागा केली.
आत घंटी वाजली. शिपाई दार उघडून नुसता “या” म्हणाला, कोण ते काही बोलला नाही. आम्ही दोघंही उठलो.