अस्सल प्रत गंगाखेडास

सोमवार, दिनांक १० जानेवारी १९९४

मी, मुंजाजी तुकाराम गिराम, वय वर्षे सत्तर, शिक्षण चौथी पास, धंदा पूर्वी तहसील कचेरीत दप्तरी, हल्ली निवृत्त, राहणार सेलू, जिल्हा परभणी, स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो की, आजपासून मी येथील एका कापूस कंपनीच्या शाखेत संगणकाच्या खोलीचा राखणदार म्हणून रुजू झालो आहे.

खोली जिनिंगच्या मागे असून अत्यंत प्रसन्न आहे. पूर्वेस मोठी खिडकी आहे व तिच्यातून सरकीचे ढीग आणि पलीकडे रेल्वेचे रूळ दिसतात. आत मेज, खुर्ची, भिंतीवर दिनदर्शिका आणि माझा घरून आणलेला पितळी तांब्या. यंत्रास धूळ सोसत नाही, म्हणून पायताण बाहेर काढावे लागते. हा नियम मला पसंत पडला.

निघताना सौ. सरजाबाईने टोमणा मारला. तिचे शब्द अशुद्ध असले तरी जसेच्या तसे देतो: “सत्तरीत नवरदेव कचेरीला निघालाय. डबा मी आणून देईन, न्हाईतर त्या यंत्रालाच चावाल.” धोतर नवे नेसलो होतो, हे तिने पाहिलेच होते.

बुधवार, १२ जानेवारी

यंत्र चालविणारे दत्तराव खिल्लारे हे चाळिशीचे, नम्र गृहस्थ आहेत. कंपनीचे टपाल टेलिफोनच्या तारेतून येते. रोज दुपारी यंत्र चिरकते आणि सेलूचे टपाल गंगाखेडच्या टपालाशी जुळविले जाते. टपाल ज्यात साठते त्यास ते फोल्डर म्हणतात. मी तहसिलीतल्या कागदांच्या गाठोड्याप्रमाणे त्यास बस्ता म्हणालो. ते हसून म्हणाले, “बस्ता म्हणा काका, काम तेच हाय.”

पडद्यावर प्रत्येक बस्त्यासमोर एक चौकट आहे. चौकटीत खूण केली की तो बस्ता जुळणीत येतो. तिकडे असेल ते इकडे येते; तिकडे नसेल ते इकडून पुसले जाते. गंगाखेडची शाखा जुनी, म्हणून तिची प्रत अस्सल आणि आमची नक्कल.

बाजारभाव, रेल्वेचा माल, गाठी, या सर्वांसमोर खुणा आहेत. शेवटची चौकट मात्र रिकामी आहे. तो बस्ता खोलीचा आहे: खोलीत काय आहे, कोण हजर आहे, हे राखणदाराने सांगावे आणि दत्तरावांनी त्यात भरावे. रिकामी का, असे मी विचारले. दत्तरावांनी सांगितले ते असे. गंगाखेडची यंत्राची खोली बिनखिडकीची आहे. दिवाळीत भागीदारांचे भांडण झाले आणि एकाने यंत्र दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून खोलीचे दारच विटांनी बुजविले. वीज आणि टेलिफोन चालू राहिले, म्हणून यंत्र अजून उत्तर देते. तेथील राखणदार आश्रुबा, डावखुरा म्हातारा, शेवटी शेवटी भिंतीकडे तोंड करून बसत असे. दार बुजविल्यापासून तो कोणास दिसलेला नाही. सोनपेठला लेकीकडे गेला असावा, असे लोक म्हणतात. दत्तराव म्हणाले, “त्या चौकटीला हात लावू नका, काका.”

शनिवार, १५ जानेवारी

काल औरंगाबादच्या विद्यापीठाचे नामांतर झाले. दत्तराव पेढे घेऊन आले. म्हणाले, “सोळा वर्षं, काका. माझा बाप ह्या नावासाठी मोर्चात गेलता. आज पायजे होता.” मी पेढा घेतला व योग्य शब्दांत अभिनंदन केले. ते आज औरंगाबादेस गेले, शुक्रवारपर्यंत परततील. तोवर यंत्र बंद करू नये, आपोआप चालेल, असे सांगून गेले.

तहसिलीत नकला तयार होत, तेव्हा मी अस्सल मोठ्याने वाचीत असे आणि कारकून नकलेवर बोट फिरवीत असे. यास मुकाबला म्हणत. शेवटी लिहावयाचे, ‘नक्कल अस्सलबरहुकूम’, म्हणजे हुबेहूब मुळाप्रमाणे. माझ्या हातून अपुरा मुकाबला कधी गेला नाही. दिवसभर ती रिकामी चौकट समोर होती. इंग्रजी मला येत नाही. परंतु खूण कशी करतात, हे मी पाहिले होते.

खूण केली. आता पान पूर्ण दिसते.

सोमवार, १७ जानेवारी

कुलूप उघडले तो दिनदर्शिका नाही, तांब्या नाही. झाडणाऱ्या बाईवर संशय घेतला आणि तिला बोललो. ती रडली. दुपारी यंत्र चिरकल्यावर मेजाखालची माझी छत्रीही दिसेना. त्या वेळी खोलीत मी एकटाच होतो.

मंगळवार, १८ जानेवारी

खिडकी नाही.

तिच्या जागी भिंत आहे. चुना जुना, पोपडे आलेला. हात फिरवून पाहिले. आजचे काम नाही.

सरजाबाई डबा घेऊन आली ती रागावलेली. बाहेरून खिडकीतून हाका मारल्या म्हणे, मी वळलो नाही. “भिताडाकडं तोंड करून कामून बसलाव? आन् डाव्या हातानं काय लिहायलाव?” खिडकी बाहेरून आहे, असे ती शपथेवर सांगते.

मी खुर्चीवर, दाराकडे तोंड करून बसलो होतो.

बुधवार, १९ जानेवारी

सकाळी खूण काढली. दुपारी यंत्र चिरकले आणि खूण परत आली. तिकडे ती आहे, म्हणून इकडेही.

डबा मेजावर होता. चिरकणे थांबले तेव्हा मेजावर काही नव्हते.

आता समजले. तिकडे जे नाही, ते येथून जाते. तिकडे खिडकी नाही, डबा नाही. तिकडे कोणी बाईमाणूस नाही.

सरजाबाईस निक्षून सांगितले की, उद्यापासून उंबरठ्याच्या आत पाऊल टाकू नये. ती म्हणाली, “का? सवत ठेवलीय का आत?” मग माझे तोंड पाहून तिने हात धरला. काम सोडा, घरी चला, म्हणाली. मी म्हणालो, चूक माझी आहे. दत्तराव येण्यापूर्वी मीच दुरुस्त करीन. उद्या तारच उपटून टाकणार आहे.

ती म्हणाली, उद्या मी तुमच्याजवळ येऊन बसणार. पन्नास वर्षांत तिने माझे ऐकलेले नाही.

गुरुवार, २० जानेवारी

सरजाबाई आत येऊ नये म्हणून दारास आतून कडी घातली. टेलिफोनची तार उपटली. ती बाहेर दार ठोकीत होती —

तार माझ्या हातात होती. तरी यंत्र चिरकले.

ठोकणे थांबले. वळून पाहिले. दार नाही. विटा. सांध्यांतील चुना कोरडा, जुना.

मी का राहिलो? तिकडे एक माणूस आहे, म्हणून येथेही एक. ही वही का राहिली? तिकडेही एक असावी.

शुक्रवार — बहुधा

पडद्याचा उजेड तेवढा आहे. भूक लागत नाही, हे अधिक वाईट.

अक्षर बिघडले आहे. पाहतो तो लेखणी डाव्या हातात. उजव्यात घेतली. दोन ओळींनंतर पुन्हा डाव्यात.

खुर्ची भिंतीकडे वळविली कोणी? मी नाही.

माझे नाव मुंजाजी तुकाराम गिराम. मुंजाजी तुकाराम. मुंजाजी —

सोनपेठची लेक आठवते. मला लेक नाही.

त्यानंतर

सरजाचा आवाज. खिडकीतून बोलते आहे. मला भिंतच दिसते. म्हणाली —

“आश्रुबा भाऊ, आमचे मालक कुठं गेले वो?”

मी ओरडलो. मीच तो. तिने पुन्हा तेच विचारले, नम्रपणे, परक्यास विचारावे तसे. मग रडली.

दत्तराव आले आहेत. पडद्यावरची खूण त्यांनी खिडकीतून पाहिली. तिला धीर देत आहेत: “रडू नका काकू. सगळा घोळ त्या खोलीच्या फोल्डरचा हाय. तो गंगाखेडातूनच पुसून टाकतो. हितून, हापिसातल्या फोनवरून. मग काही राहत न्हाई.”

दत्तराव, नको. तिकडे पुसाल तर इकडे — भिंतीवर मुठी मारतो आहे. डावी मूठ.

चिरकू लागले.

लिहून ठेवतो की, मी, आश्रुबा — नाही. मी, मुं — वय वर्षे सत्तर, स्वखुशीने — नाही, स्वखुशीने नाही —

वाचून पाहिले, बरोबर आहे. नक्कल अस्सलबरहुकूम.

समक्ष हजर साक्षीदार:
१. दत्तराव खिल्लारे, भिंतीपलीकडे.
२. सौ. सरजाबाई, भ्रतार मुं