तुडुमाखालचं पाणी

१२ सप्टेंबर २००८

मशीन आली! तुमसरहून, टेम्पोतून. जुनीच, पण रंग मारलेली. पाणी उपसायचा डिझेल पंप. माझी गाय गेली आणि हा आला. "गाय शेण तरी देत होती," इति सासूबाई. यशोदाबाईंचं तोंड म्हणजे लाखनीचा मासळीबाजार, एकदा उघडलं की सगळा माल खपल्याशिवाय बंद होत नाही.

भिंतीवर कोळशाने लिहिलं – मशीन भाड्याने मिळेल. श्यामलाल वाचून हसला. (तोंडाने नाव घेत नाही, वहीत तरी घेते.) हसू दे! तलावाची मासोळी दोन वर्षं हात देत नाही, म्हणून दिवाळीनंतर मुकादमासोबत हैदराबादला मजुरीला जातो म्हणतो. मशीन चालली तर नवरा घरी राहील. बस, एवढ्यासाठीच गाय विकली.

१९ सप्टेंबर

पाऊस.

२४ सप्टेंबर

पुन्हा पाऊस. धानाच्या बांध्या भरलेल्या. मशीन कोण नेणार? शेजारची रुखमिणी विचारते, "काहून वो ज्योत्सना, मशीन अंडे उबवाले ठेवली का?"

सारं गाव पावसाला हात जोडतं आणि मी मनात म्हणते, थांब रे बाबा आता. असं मागणाऱ्या बाईचं भलं होईल का?

७ ऑक्टोबर

थांबला तो थांबलाच. धान लोंबीवर, बांध्यांना भेगा. परसराम पाटील स्वतः दारात!

"बाई, मशीन दे. पाणी नाई भेटलं तं सारं धान पोचट होते."

"कुठी लावता?"

"नाल्यावर."

दिली! श्यामलालनेच बैलबंडीवर चढवून दिली. मी शिरा केला. सासूबाईंनी दोनदा घेतला, चांगला झाला म्हणाल्या नाहीत ती गोष्ट वेगळी.

९ ऑक्टोबर

नाला आटलेला. पाटलांनी मशीन तलावावर लावली! आमच्या तलावावर, तुडुमाखाली.

तुडूम म्हणजे पाणी सोडायचं दार. त्याच्या वरचं पाणी धानाचं, खालचं मासोळीचं – लहानपणापासून हेच ऐकत आले. कधी कागद लागला नाही, भांडण झालं नाही. कारण दाराखालचं पाणी आपल्या पायाने बाहेर येतच नाही. त्याला बाहेर काढणारं गावात काही नव्हतं. ते मी आणलं.

१० ऑक्टोबर

बंद करायला गेले. पाटील म्हणाले, "भाडं घेतलं ना? मंग मशीन आता माही."

मी ओरडले, "आमच्या पोटावर कायले पाय देता, पाटील!"

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी लोंबीचा दाणा चिमटून माझ्या तळहातावर ठेवला. आत दूध होतं. "हे मरू देऊ का, बाई?"

मशीन धडधडत होती, मी घरी आले.

१३ ऑक्टोबर

पाणी घोट्याएवढं. रोहू-कतल्याची बोटाएवढी पिल्लं गाळात उलटी पडलीत. उन्हाळ्यात वजनाला आली असती. श्यामलालने एक उचललं आणि पुन्हा पाण्यात सोडायला जागा शोधत राहिला.

१४ ऑक्टोबर

मासेमार सोसायटीचे गोमाजी आले. "आता रायलं काय? मशीन आमाले दे. उरलंसुरलं उपसून मोठी मासोळी धरतो. नाई तं कावळे खातीन."

दिली. गोमाजींकडून आलेलं भाडं सासूबाईंनी माझ्या हातावर ठेवलं. मी हात मागे घेतला.

"धर," म्हणाल्या. "धंदा हाय ना तुहा."

२० ऑक्टोबर

त्या दिवसापासून सासूबाई माझ्याशी बोललेल्या नाहीत. किती टोमणे मारायच्या! आता एखादा मारला तर मी पाया पडेन.

२५ ऑक्टोबर

तीन गावांची मागणी! तुडुमाखालचंही पाणी निघतं, ही बातमी सगळीकडे गेली. मी नाही म्हटलं तर ते दुसरी आणतील. हो म्हटलं तर तीन तलाव. हो म्हटलं.

श्यामलाल दिवसभर जाळं सांधत बसला. "कायले सांधता? टाकाल कुठी?" – बोलून गेले. जीभ झडो माझी! त्याने मान वर केली नाही.

१ नोव्हेंबर

श्यामलाल सकाळच्या गाडीने मुकादमासोबत गेला. सांधलेलं जाळं चौपदरी करून मशीनवर पांघरवून गेला, दंव बसू नये म्हणून.

दुपारी मशीन न्यायला माणसं येतील. जाळं मलाच काढावं लागेल.