पोल वारं धरतं

शेणवा, ता. शहापूर
जानेवारी १९९९

प्रिय दिपिका,

हे पत्र तुला लिहितेय, पण मनात आपल्यासारख्या सगळ्याजणी आहेत. घरी एका बोलीत विचार करणाऱ्या, वर्गात दुसऱ्या भाषेत ऐकणाऱ्या आणि पेपर तिसऱ्या भाषेत लिहिणाऱ्या. आपली तक्रार एकच आहे. आपल्याला गोष्ट कळलेली असते, पण ज्या शब्दात ती कळली तो शब्द फळ्यापाशी चालत नाही. मग आपण गप्प बसतो, आणि बघणारे समजतात की हिला काही येतच नाही.

निबंधवाचनाच्या तालमीच्या दिवशी तू अर्ध्यातून निघून गेलीस, त्यानंतर कॉलेजला आली नाहीस. म्हणून आधी बातम्या देते. धुतलेल्या एक्स-रे फिल्म जोडून केलेली तुझी प्रयोगाची नळी शाबूत आहे. तिचा एक जोड सुटला होता, तो मी चिकटवला. टेबलफॅनचा रेग्युलेटर पुन्हा अडतोय. मुरबाडच्या परिषदेची पत्रिका छापून आली आहे आणि जेवणानंतरच्या सत्रात तुझं नाव आहे. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या कॉलेजांतून बीएस्सीची मुलं येणार आहेत. कुणी लेझर दाखवणार, कुणी कॉम्प्युटरवर आलेख काढणार. उंबरमाळीचं भात आणणारी तू एकटीच.

दिवाळीनंतर तू कापडी पिशवीत भात घेऊन प्रयोगशाळेत आलीस, तो दिवस आठवतो का? आपल्या सरांनी पिशवीत हात घालून विचारलं होतं, काय गं, पोहे करायचेत का? आणि मी धसईच्या बाजारात पोल मागायला गेले तेव्हा तो भातवाला माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, बाय, भात इकत नेणारं गिऱ्हाईक रोज येतं, पोल मागणारी तूच पयली. मी त्याला तिथेच उभं राहून समजावलं. पोल म्हणजे आत दाणा न भरलेलं भात. बाहेरून दोन्ही सारखेच, आकार तोच, टरफल तेच. म्हणजे हवेचा अडथळा दोघांना सारखा आणि फरक फक्त वजनाचा. असा नेमका प्रयोग खळ्यावर दरसाल होतो आणि आपण त्याला भात वारवणं म्हणतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, लय बोलतंस गो तू, पोल तसंच ने.

मला पाठ झालेलं वाक्य तुझं आहे. खालून पंखा लावलास, रेग्युलेटर हळूहळू फिरवलास, पोल नळीत वर चढून तरंगायला लागलं आणि भरलेलं भात तळाशी बसून राहिलं. तू म्हणालीस, पोल वारं धरतं, भरला दाणा वारं सोडतो. आणि मग गणित करून दाखवलंस की दाणा चौपट जड असेल तर त्याला तरंगवायला दुप्पट वेगाचं वारं लागतं. चौपट नाही, दुप्पट. पुस्तकात ते समीकरण दोन वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होतं. कळलं त्या दिवशी, तुझ्या वाक्यामुळे.

तेच वाक्य तू तालमीत बोललीस. शहराकडून आलेले पाहुणे सर हसून म्हणाले, वारं धरतं म्हणजे काय, भाताच्या अंगात येतं की काय? त्यांना तो साधा विनोद वाटला. त्यांना तुझी वाडी माहीत नाही. पण मागून मुकेश बोलला, सर, हिच्या आईच्या अंगात येतं, भाताच्या पण येत असेल. मुकेशला माहीत आहे, कारण त्याचं आजोळ तुमच्याकडचं. आणि मग सगळा वर्ग हसला. तू खडू ठेवलास, पिशवी उचललीस आणि गेलीस.

मुकेशला मी जिन्यात गाठलं. म्हटलं, लहानीकाकूच्या अंगात वर्षातून एकदा येतं, तुझ्या बापाच्या अंगात दर शनिवारी गुत्त्यावरून येतं, त्याच्यावर पण एक प्रयोग करू का? दुसऱ्या दिवशी तो गुपचूप येऊन वाऱ्याचा दाब मोजायच्या यू नळीत रंगीत पाणी भरून गेला. माफी मागायला त्याला अजून जमलेलं नाही. पण तुझ्यासमोर मागेल, एवढं मी बघते.

आता माझ्याबद्दल. मी अंगातलं वारं मानत नाही, हे तुला माहीत आहे. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा देव्हारा रिकामा केला, त्यानंतर आमच्या घरात कुणाच्या अंगात काही आलं नाही. प्रयोगशाळेच्या मागच्या पायरीवर आपण यावरून किती भांडलो आहोत. एकदा तू वैतागून म्हणालीस, तुझ्या पण अंगात येतं गो, माईक दिसला की. मी इतकी हसले की भांडण तिथेच संपलं. माझं मत आजही तेच आहे. कधीतरी मी लहानीकाकूशीच त्यावर वाद घालीन, तुमच्या ओट्यावर बसून, त्यांच्या हातचा चहा घेऊन, त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन. ज्याला वाद घालायचा त्याने असा घालावा. ती बाई समोर नसताना, तिच्या मुलीच्या हातात खडू असताना, मागच्या बाकावरून खिदळणं याला मी विज्ञान म्हणत नाही. तो वैज्ञानिक दृष्टिकोनही नव्हे. ती नुसती टवाळी आहे, आणि टवाळी करायला बीएस्सीला बसावं लागत नाही.

आणि शब्दाचं म्हणशील तर त्यात लाजण्यासारखं काहीच नाही. इंग्रजीत ज्याला ड्रॅग म्हणतात तो शब्दही कुणीतरी ओढण्या-फरफटण्यातूनच उचलला असणार. त्यांच्या ओढण्याचं शास्त्र होतं, तर आपल्या धरण्याचं का होऊ नये? शास्त्र शब्दाच्या जातीवर चालत नाही, मापावर चालतं. तुझं माप पक्कं आहे. मी सगळे दाणे पुन्हा तोलले, पुन्हा उडवले, आकडे तेच आले.

आता खरं सांगते. तू गेल्यावर आपल्या सरांनी मला बोलावलं. म्हणाले, संघरत्ना, वक्तृत्वाच्या ढाली तू आणतेस, सभा तुला नवी नाही, दिपिकाचा निबंध तूच वाच. वारं काढ, तिथे ड्रॅग घाल, नाव दोघींचं लावू. सर वाईट नाहीत, त्यांना प्रयोग वाया जाऊ द्यायचा नाही. मी नाही म्हटलं. दिपिका आली नाही तर ती पंधरा मिनिटं रिकामी राहू द्या, सगळ्यांना दिसू दे रिकामी जागा कशी दिसते, असं सांगून आले. निबंधाचं नावही मी बदलू दिलं नाही. पत्रिकेत ठळक अक्षरात आहे, पोल वारं धरतं. आणि हेही तुझ्यापासून लपवत नाही की त्या सत्राला अध्यक्ष तेच पाहुणे सर आहेत. ते पुन्हा विचारतील. विचारू दे. तू रेग्युलेटर फिरव आणि नळीकडे बोट दाखव. मी शेजारी उभी राहून वजनं वाचीन, त्यापलीकडे एक शब्द बोलणार नाही. माझ्यासाठी ते किती अवघड आहे, तूच समजू शकतेस.

हे सगळं मी तू कॉलेजला परत आल्यावरही बोलले असते. पत्र लिहायला बसले ते परवा शहापूरच्या बाजारात चांगोकाका भेटले म्हणून. म्हणाले, माझ्या पोरीला बरं नाय, डोकं धरून बसते. म्हणजे तू घरी काहीच सांगितलं नाहीस. मीही सांगितलं नाही. मग ते म्हणाले, तिची आई रोज इचारते, ते भात उडवायचं मुरबाडला कवा हाय, मी येऊ का बघायला? तर पोर बोलते, घरच्यांना आत सोडत नाय. दिपिका, तेव्हा मला कळलं. तू वाऱ्याला घाबरली नाहीस, इंग्रजीला नाही, पाहुण्या सरांनाही नाही. आई त्या सभागृहात येऊन बसेल आणि कुणीतरी पुन्हा तेच बोलेल, तिच्या देखत, याला तू घाबरलीस. मी मुरबाडला फोन करून विचारलं. घरच्यांना आत सोडतात, पुढच्या रांगेतही बसू देतात. काकूंच्या एका बाजूला माझी आई बसेल, दुसऱ्या बाजूची खुर्ची मी चांगोकाकांसाठी धरून ठेवते. ज्या बाईने तुला सुपात भात धरायला शिकवलं तिला न दाखवता तो प्रयोग तू कुणाला दाखवणार आहेस? तू एकटी येऊ नकोस. परिषदेच्या दिवशी, रविवारी सकाळी शहापूरच्या स्टँडवर, मुरबाडच्या गाडीपाशी, आईला घेऊन ये.

तुझीच, वजनं वाचणारी,
संघरत्ना