घडीचा माळा

१९ नोव्हें. ७२
वसंताच्या क्वार्टरवर येऊन आठवडा झाला. साखर कारखान्याची कॉलनी, श्रीगोंद्याच्या अलीकडे. बाहेरची एक खोली, मागं स्वयंपाकघर, पुढं ओटा. संपलं घर. नवरा-बायको बाहेरच्या खोलीत, मी ओट्यावर. थंडी पडलीय. पहाटे खोकला उसळतो, मग आत सूनबाईच्या बांगड्या वाजतात. म्हणजे तीही जागी झाली.
शालन माझ्याशी बोलत नाही. राग नाही, रीत. पदर डोक्यावर, नजर जमिनीवर, ताट सरकवायचं आणि आत. लग्नाला दीड वर्ष झालं, अजून तिचा आवाज मी भिंतीपलीकडूनच ऐकलाय.
गावी खर्ड्याला परत जावं तर तिथं काय आहे. विहिरी आटल्या, ज्यांचे बैल होते त्यांनी विकले. बैल नाहीत तर सुताराकडून गाडीचं चाक कोण भरून घेणार? मी खडीच्या कामावर नाव घालणार होतो. वसंता येऊन ओढून घेऊन आला. "आबा, पोरगा कमवता आस्ताना तुमी खडी फोडनार व्हय?" माझ्या कंबरेची काळजी कमी, लोक काय म्हणतील याची जास्त. असो. आलो.

२४ नोव्हें.
स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तेव्हा वर लक्ष गेलं. कौलांखाली तीन तुळया, या भिंतीपासून त्या भिंतीला. मधोमध माणूस नीट बसेल एवढी उंची. एवढी जागा नुसती कोळ्यांना दिलीय.
ऑफिसातल्या बाबूला विचारलं. म्हणाला, क्वार्टरात कायमचं काही करायचं नाही. म्हटलं, मलाही कायमचं नकोच.
घडीच्या फळ्या कराव्यात. तुळयांवर नुसत्या टेकवायच्या, कुठं ठोकायचं नाही. वसंताची बदली झाली तर उचलून नेता येतील. माझंच बिनसलं तर मी माझ्या घेऊन जाईन. हा विचार फार बरा वाटला. स्वतःची जमीन बगलेत मारून हिंडणारा माणूस!

१ डिसें.
यंत्रांबरोबर आलेली देवदाराची खोकी वसंतानं भंगारातून आणून दिली. हलकं लाकूड, वासही चांगला. ओट्यावर रंधा चालू. कॉलनीतल्या बाया जाता-येता थांबतात.
पहिली जोडी केली, बिजागरी वरच्या अंगाला मारली. पाय दिला तर सांधा खाली झोका घेतोय. स्वतःशीच शरमलो. आयुष्य गेलं लाकडात. काढली, खालच्या अंगाला मारली. आता भार आला की फळ्यांच्या कडा एकमेकींना भिडतात आणि सांधा आवळतो. उचलायची झाली तर मधून वर ओढायची, घडी होते. तरी सांधा तुळईवरच येईल असं माप धरलंय.

८ डिसें.
काल वर झोपलो. वारा नाही. खोकला नाही. छान झोप, बऱ्याच दिवसांनी.
शिडी चढताना वसंता खालून, "आबा, पडशीला." म्हटलं, "पडलो तर चुलीतच पडंन, भाकरी करून खा." तो हसला नाही. आत शालन हसली असावी, भांडं वाजलं.
सकाळी ती दळण निवडताना गुणगुणत होती. वर सगळं ऐकू येतं. गोड गळा आहे. तिला माहीत नाही मी ऐकतोय. उठलो तेव्हा मुद्दाम खाकरलो.

१७ डिसें.
लिहायलाही बरं वाटत नाही, पण लिहितो.
तिन्हीसांजेला मी वर बिछाना झटकत होतो. खाली शालन काडेपेटी हातात घेऊन उभी. दिवा लावेना. अंधार पडत आला तरी तशीच. मी खाली उतरलो, ओट्यावर गेलो, आणि लगेच मागं दिवा लागला.
मग उमगलं. देव्हारा स्वयंपाकघराच्या भिंतीला आहे, माझ्या पायांच्या बरोबर खाली. दहा दिवस मी देवाच्या डोक्यावरून चालतोय, वर पाय ताणून घोरतोय. आमच्याकडे माळवदावरसुद्धा देव्हाऱ्याच्या वरच्या जागी धोंडा ठेवतात, कुणाचा पाय पडू नये म्हणून. मला हे माहीत नव्हतं असं नाही. देवळांची दारं केलीत मी. माप घेताना तुळया बघितल्या, खाली काय आहे ते बघितलंच नाही.
आणि ती पोरगी एक शब्द बोलली नाही. रोज मी खाली यायची वाट बघत राहिली. फार वाईट वाटलं.

१९ डिसें.
भिंतीकडची फळी कापून वेगळ्या बिजागरीवर घेतली. ती आता एरवी घडी करून उभी. देवावर मोकळं, थेट कौलं. कडेला पट्टी मारली, झोपेत घरंगळू नये म्हणून.
माळा तेवढा आखूड झाला. पाय पोटाशी घेऊन झोपावं लागतं. चालतंय. सामान चढवताना फळी पाडायची, काम झालं की परत घडी.
संध्याकाळी मी वर असतानाच दिवा लागला. शालननं वर बघितलं नाही. पण लावला.

१४ जाने. ७३
संक्रांत. तिळगूळ वाटीत घालून शिडीच्या पायरीवर ठेवलेला होता.
वसंता सांगत होता, शालनला दिवस गेलेत, सहावा चालू आहे. मला आता सांगतोय! वरून काय कळत नव्हतं होय, सकाळच्या ओकाऱ्या ऐकत होतोच की. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण तिचं माहेर जामखेडकडं, तिथं प्यायच्या पाण्याची मारामार. तिची आई इथं येणार.
पाळण्यासाठी सागाचे दोन तुकडे बाजूला ठेवले. आधी करायचा नसतो पाळणा. नुसते ठेवलेत.

२० फेब्रु.
ऊसच नाही. कारखान्याचा पट्टा लवकर पडणार, हंगाम संपणार म्हणतात. वसंताला काळजी लागलीय.
शेजारच्या बॉयलरवाल्यानं माळा बघितला. त्यालाही हवाय, पोरं फार झालीत. करून देईन. रिकामं बसण्यापेक्षा बरं.
पाय सकाळी लवकर सरळ होत नाहीत. गुडघे धरलेत. कुणाला बोललो नाही.

२२ मार्च
विहीणबाई आल्या. बरोबर डिंक, खारका, गोधड्या. उन्हात कोस-दोन कोस चालून एस.टी. गाठलीय या बाईनं. लेकीला पोटाशी धरून रडल्या, मग पदर खोचून लगेच चुलीपुढं.
मी ओट्यावर होतो. आतलं ऐकू आलं.
"इवाई कुठं झोपत्यात गं?"
शालन काहीतरी बारीक बोलली.
"अगं बया! देवाच्या वर?"
मग वसंताचा आवाज, देवावरची जागा कशी मोकळी ठेवलीय ते सांगत होता. बाईंचं समाधान झालं नाही. "आन् बाळंतिनीची बाज कुठं टाकनार? उबाऱ्याला मागलीच खोली पायजे. खाली शेगडी, धुरी, लेकरू. वर म्हातारा मानूस. पोरीनं अंग शेकायचं कसं, पाजायचं कसं?"
बाई कडक आहेत, पण चुकीचं बोलल्या नाहीत. हे कबूल केलं पाहिजे.

२९ मार्च
वसंता ओट्यावर येऊन बसला. बराच वेळ चपलेचा अंगठा चाचपत होता. म्हटलं, बोल.
"आबा, दोन म्हयने... म्हंजी बाळंतपन उरकंपातूर... खर्ड्याला ऱ्हायला जमंल का? मी दानं पोचवतो."
"मी जानारच हुतो. तिकडं घर बंद हाय, उंदरांनी काय ठेवलंय काय ठाऊक."
त्याला इतकं हायसं वाटलं की मला त्याचाच राग आला. पटकन 'हो' म्हटल्याचाही आला. दोन महिने म्हणतोय. नंतर लेकरू रांगेल, जागा आणखी लागेल. कोण म्हणतं परत या म्हणून.

२ एप्रिल
माळा उतरवला. बिजागऱ्यांना तेल दिलं, फळ्या घडी केल्या, सुतळीनं दोन गठ्ठे बांधले. काम एवढं झटपट झालं की शरम वाटली. सुटायला सोपा असाच तर केला होता मी. वर पुन्हा नुसत्या तुळया.
एस.टी.च्या टपावर टाकून नेईन. खर्ड्याच्या घरात याचं काय करणार, तिथं माळवद आहे. पण इथं ठेवायच्या तर कुणासाठी.
खर्ड्याचं घर म्हणजे ही गेल्यापासून मी आणि कुलूप. संध्याकाळी कुणाच्या बांगड्या वाजत नाहीत. इथं आल्यापासून त्या आवाजाची सवय झाली, हे आज फळ्या उतरवताना कळलं.
रात्री ओट्यावर.

३ एप्रिल
स्टँडवर जाऊन गाडीची चौकशी करून आलो. उद्या सकाळची नगरची, तिथून जामखेड, पुढं खर्डा.
कॉलनीच्या फाटकातून आत येतानाच ठोकाठोकी ऐकू आली. हात माझा नाही, पण हातोडी माझी. आवाज ओळखतो मी तिचा.
दारात गेलो. विहीणबाई पाण्याला गेलेल्या, वसंता ड्यूटीवर. शालन बाहेरच्या खोलीत स्टुलावर चढलेली, एवढं पोट घेऊन, आणि भिंतीत खिळा ठोकतेय. खिळा वाकलेला. खाली पाटावर देव, नव्या कापडावर. देव्हारा भिंतीला टेकवून ठेवलेला.
मी नुसता म्हणालो, "उतर आधी." धरायला हात पुढं केला, मग मागं घेतला. सुनेला हात कसा लावायचा. स्टूल मात्र घट्ट धरलं. ती उतरली, घामानं निथळलेली. पदर डोक्यावरून खाली आलेला, तो सावरलाही नाही. माझ्याकडं बघून बोलली. लग्नानंतर पहिल्यांदा.
"मामा, देव हितं ऱ्हातील. बाजबी हितंच टाकू, ह्ये ओट्यावर झोपतील. तुमी आता वर पाय लांब करून झोपा."
देवाला नमस्कार केला. वाकलेला खिळा काढला, दुसरा मारला, देव्हारा टांगला.
विहीणबाई हंडा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. "पोटुशीच्या घरात खिळा ठोकत्यात का? नवव्या म्हयन्यात देव हलवलं? कुनी सांगितलं ह्ये?"
शालन म्हणाली, "मी माझ्या मनानं केलंय, आई."
बाई माझ्याकडं बघत राहिल्या.

४ एप्रिल
आज निघायचं होतं. पिशवी भरलेली. गाडीची वेळ झाली, गेली. मी ओट्यावर बसून राहिलो. जातो म्हणालो नाही, राहतो म्हणालो नाही. वसंतानं दोनदा गठ्ठ्यांकडं बघितलं आणि ड्यूटीवर गेला. सुतळी मी सोडली नाही.
इथं तरी खरं लिहितो. मला जायचं नाही. खर्ड्याला जीव लागत नाही. लेकरू रडलेलं मला वरून ऐकायचंय.
पण विहीणबाईंच्या मनात भीती बसलीय. उठता-बसता मीठ ओवाळतात. बाळंतपण सुखरूप झालं तर ठीक. नाही झालं तर तो खिळा माझ्यासाठी ठोकलेला, हे त्या विसरणार नाहीत. मीही विसरणार नाही.

५ एप्रिल
पहाटेपासून शालनच्या पोटात दुखायला लागलं. दिवस भरायला अजून तीन आठवडे तरी आहेत.
सुईण आली, तिनं मान हलवली. दवाखान्यात न्या म्हणाली. वसंता कारखान्याची जीप घेऊन आला. गाडीत चढवताना विहीणबाई माझ्याजवळ थांबल्या. वाटलं, आता बोलणार. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. डोळे पुसले आणि चढल्या.
दिवसभर एकटा. दुपारी मागच्या खोलीत जाऊन तुळयांखाली उभा राहिलो. देवा, मला जागा नको. ओटा नको, माळा नको, आज सांगितलं तर आज निघतो. ती दोघं धड परत येऊ देत. हेच परत परत म्हणत होतो, मोठ्यानं. घरात कुणी नव्हतं.
तिन्हीसांज झाली. दिवा कोण लावणार म्हणून मीच बाहेरच्या खोलीत लावला. वात नीट जमेना, दोनदा विझली.
तेवढ्यात सायकल वाजली. वसंता. तोंड उतरलेलं, सदरा घामानं चिकटलेला.
"काय?"
"आजून काय न्हाई. डाक्टर म्हनत्यात येळ लागंल. रगत लई गेलंय." पाणी घटाघटा प्यायला. लगेच परत जायचं होतं, घोंगडी आणि दोन पातळं न्यायला आला होता. सगळं कॅरिअरला बांधलं. सायकलवर टांग टाकता टाकता थांबला.
"आबा, शालन इचारतीया. मामा गेलं का म्हून."
तोंड त्याला दिसू नये म्हणून घोंगडीची गाठ आवळत बसलो.
"सांग तिला," म्हटलं, "हाय म्हनावं. हितंच हाय."