डबा घ्यायचा की कॉम्प्युटर

१० जून, मंगळवार

लॅपटॉप गेला! सकाळी स्क्रीनवर हिरव्या रेघा आल्या, मग सगळा अंधार. वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर आतून गुदगुल्या होत होत्या. आता नवीन काहीतरी घ्यावंच लागणार – आणि या वेळी साधा लॅपटॉप नाही. ज्याच्यावर झकास गेम खेळता येतील असं काहीतरी!

वयाची बत्तिशी उलटली. दिवसभर ऑफिसात लोकांच्या स्वयंपाकघरातले ओटे आणि कपाटं आखते. स्वतःसाठी, निव्वळ मजेसाठी घेतलेली एकही वस्तू आठवत नाही. घड्याळसुद्धा आप्पांनी दिलेलं.

अम्मा शेवग्याच्या शेंगा मोडत होती. तिला सांगितलं. "खेळायला? तू? अय्यो!" आणि हसत सुटली. इतकी हसली की आप्पा बाहेरून बघायला आले.

११ जून, बुधवार

ऑफिसात संकर्षणला विचारलं. चूक झाली. आमच्याकडचं थ्रीडी चित्रांचं काम तोच करतो, आणि घरी स्वतःच्या हातांनी कॉम्प्युटर जोडतो. जेवणाचा डबा तसाच उघडा ठेवून तासभर बोलला. ग्राफिक्स कार्ड कुठलं, पंखे किती, कॅबिनेटला काच हवी की नको. ट्रेसिंग पेपरवर चित्र काढून दिलं.

म्हणे, "कॉम्प्युटर म्हणजे आपलं घर. हवी ती भिंत पाडा, हवी ती खोली वाढवा. कन्सोल, तो टीव्हीला जोडायचा गेमचा डबा, म्हणजे भाड्याची खोली. खिळासुद्धा ठोकायचा नाही."

पटलं मला. शिवाय त्याने दुसरीही गोष्ट काढली – नंजनगूडच्या दामोदररावांची. त्यांचा तिथे मसाल्यांचा कारखाना आहे. कामगारांसाठी नवं कॅन्टीन बांधायचंय आणि ते काम त्यांनी मला स्वतंत्रपणे करशील का म्हणून विचारलंय. ऑफिसला हरकत नाही, एवढी लहान कामं ऑफिस घेतच नाही. पण त्यांना कॅन्टीनमधून चालत फिरल्यासारखा व्हिडिओ हवा. तसल्या कामाला दणकट कॉम्प्युटरच लागतो.

म्हणजे काम पण, खेळ पण. ठरलं. कॉम्प्युटर!

१४ जून, शनिवार

ठरलं नाही.

देवराज अर्स रोडच्या एका दुकानात सहज शिरले. तिथे कन्सोल टीव्हीला लावून ठेवला होता. दुकानदार म्हणाला, "मॅडम, सुम्ने हातात घेऊन बघा." सुम्ने – उगाच! घेतला कंट्रोलर. तळहातात असा बसला की जणू माझ्या मापाने केलाय. बटण दाबलं, सुरू. पंखे नाहीत, वायरींचं जंगल नाही, काही जोडायचं नाही. डोंगरावरून घोडा दौडवला. मागे लोक उभे राहिले तेव्हा लाजून ठेवला.

पण कन्सोल हॉलमधल्या टीव्हीला लावावा लागणार. आणि आमचा टीव्ही म्हणजे संध्याकाळी अम्माच्या मालिका, त्यानंतर आप्पांच्या बातम्या. मधे कोणी हात घातला तर घरात युद्ध.

१५ जून, रविवार

आज टोरोंटोला फोन केला, हर्षाला. श्रीहर्ष, माझा धाकटा भाऊ. गेलं वर्षभर त्याचे फोन कसे असतात – "हां. ठीक. जेवलो. ठेवू का?" व्हिडिओ लावत नाही. अम्मा फोन ठेवल्यावर पदराने स्क्रीन पुसत बसते.

मी सहज विचारलं, "हर्षा, कॉम्प्युटर घेऊ की कन्सोल?"

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज. मग – "अक्का, तू खरंच खेळणार?" आणि सुटला ना तो! त्याच्याकडे कन्सोल आहे, कपाटावर धूळ खातोय. कुठले गेम चांगले, कुठले नुसते दिखाऊ. लहानपणी आम्ही कॅसेटवाला व्हिडिओ गेम खेळायचो, माझ्या रिमोटचं उडी मारायचं बटण अडकायचं आणि मी दरवेळी खड्ड्यात पडायचे – ते आठवून किती हसला! फोन कानाला गरम होईपर्यंत बोललो. इतकं तो माझ्याशी कधी बोलला ते मला आठवत नाही.

मग एकदम सावरला. "बघ अक्का. तुझं तू ठरव. माझ्यासाठी नको घेऊ."

माझ्यासाठी नको घेऊ, म्हणाला. मी कुठे म्हटलं होतं त्याच्यासाठी घेते म्हणून?

१७ जून, मंगळवार

दिवसभर वीज नाही. निर्णय घ्यायचा प्रश्नच नाही.

१८ जून, बुधवार

संकर्षणला म्हटलं, कॉम्प्युटर घेऊनही हर्षाशी खेळता येईल ना? म्हणाला, "येईल की. बरेच गेम दोन्हीकडून खेळता येतात." जीव भांड्यात पडला. एका दगडात दोन पक्षी!

हर्षाला विचारलं, कुठला खेळायचा? तर त्याने होडीचा गेम सांगितला. एकाने वल्हवायचं, दुसऱ्याने सुकाणू धरायचं, दोघांचं जमलं नाही तर होडी बुडते. तोच हवा त्याला. बाकीच्यांत नुसती मारामारी, म्हणे.

आणि तो गेम फक्त कन्सोलवर चालतो. फक्त!!

२० जून, शुक्रवार

आज जेवताना विषय निघालाच. आप्पांचं मत पहिल्या घासालाच आलं – "कॉम्प्युटरच घे. कामाला येईल. खेळायचा डबा कसला घेतेस? खेळायचं वय गेलं, आता खेळणार?"

अम्मा म्हणाली, "आणि माझ्या टीव्हीला हात लावायचा नाही. आत्ताच सांगून ठेवते."

मी म्हटलं, बरोबर आहे. कॉम्प्युटरच. दामोदररावांचं काम मिळालं तर पुढेमागे स्वतःचं ऑफिसही काढता येईल. आप्पा खूश. मीही खूश असायला हवी होते.

मग ताक वाढताना माझ्या तोंडून निघून गेलं – "परवा हर्षा किती हसला माहीत आहे? पोट धरून हसत होता."

अम्माचा हात थांबला. "हसला? कशावर?"

सांगितलं. खड्डा, बटण, होडी, सगळं. तिने दोनदा सांगायला लावलं. आप्पा ताटात बघत होते. मग अम्मा उठली, ताकाचं भांडं झाकलं, आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "सकाळी माझी कुठलीच मालिका नसते."

एवढंच बोलली. मी खोलीत येऊन थोडी रडले. मग इथे लिहायला बसले.

२१ जून, शनिवार

कन्सोल घेतला! दोन कंट्रोलर!

दुकानदाराने विचारलं, "मुलांसाठी का मॅडम?" म्हटलं, "हो. मोठ्या मुलांसाठी."

२३ जून, सोमवार

संकर्षणला सांगायचं धाडस होत नव्हतं. त्याने माझ्यासाठी कुणाकडून तरी ग्राफिक्स कार्डसुद्धा बघून ठेवलं होतं. सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा असा पडला की जणू मी त्याच्या गावाला नावं ठेवली. दुपारी डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला.

दामोदररावांना नाही म्हणून कळवणार होते. चहाच्या वेळी संकर्षण माझ्या टेबलापाशी आला. "कॅन्टीन कागदावर तर काढशील ना? तू काढ, रंगव. चालता-फिरता व्हिडिओ माझ्या मशीनवर करू. रविवारी दुपारी ये घरी. माझी आई असते." ही शेवटची दोन वाक्यं बोलताना त्याचे कान लाल झाले.

मी म्हटलं, "आयतु." म्हणजे झालं, ठरलं. तो 'थँक्यू' म्हणाला. थँक्यू मी म्हणायला हवं होतं, अल्वा – हो ना?

२९ जून, रविवार

पहिला खेळ! इथे रविवारची सकाळ, तिथे शनिवारची रात्र सुरू व्हायची वेळ. हर्षाला एवढीच वेळ जमते. का ते विचारलं नाही.

अम्मा कॉफीचा लोटा घेऊन सोफ्यावर. आप्पा पेपर उघडून, पण पेपर उलटा! मी सुकाणूवर, हर्षा वल्ह्यावर. पाच मिनिटांत होडी खडकावर. दुसऱ्यांदा पाणवनस्पतींत अडकली. तिसऱ्यांदा आप्पांना राहवेना – "डावीकडे! डावीकडे घे! अगं एन माडतीये, करतेस काय?" हर्षाच्या कानावरच्या हेडफोनमधून त्याला सगळं ऐकू जात होतं. "आप्पा, तुम्हीच या खेळायला!" तो ओरडला. आप्पा म्हणाले, "मला काय येतंय," आणि दोन मिनिटांनी सुकाणू त्यांच्या हातात होतं.

होडी धबधब्यावरून खाली गेली. आप्पा उभे राहून ओरडले. अम्माने हसून हसून कॉफी सांडली. हर्षा म्हणत होता, "बुडालो! बुडालो!" – आणि असा आनंदाने म्हणत होता!

दुपारी संकर्षणकडे. त्याच्या आईने चिरोटे केले होते. कामही झालं. थोडं.

६ जुलै, रविवार

आप्पा-अम्मा सकाळच्या रेल्वेने नंजनगूडला देवाला गेले. मी आणि हर्षा, दोघंच.

छान चाललं होतं. जमायला लागलंय आता. एक शांत तळं लागतं मधे, तिथे काही करावं लागत नाही, नुसतं वल्हवायचं. तिथे तो म्हणाला, "अक्का, माझी नोकरी गेली."

"कधी?"

"गेल्या वर्षी. पावसाळ्याच्या आसपास."

मी टीव्हीकडेच बघत राहिले. समोरासमोर असतो तर त्याला बोलताच आलं नसतं, हे मला तेव्हाच कळलं. एवढंच म्हटलं, "वल्हव. पुढे खडक आहे."

त्याने वल्हवलं. मग हळूहळू सगळं सांगितलं. इंजिनिअरचं दुसरं काम मिळेना. घराजवळच्या बेकरीत भांडी धुवायला लागला. मग पीठ मळायला. आता पाव तोच करतो. पहाटे उठून जातो, म्हणून फक्त शनिवारी रात्री जागतो, रविवारी बेकरी बंद. व्हिडिओ का लावत नव्हता? हातांवर भट्टीचे चटके दिसतील म्हणून.

मी भलतंच विचारलं. "पाव चांगला होतो का रे?"

"अक्का," त्याचा आवाजच बदलला, "काय सांगू तुला! फुगलेल्या पिठावर बोट ठेवलं ना की ते हळूच वर येतं. जिवंत असतं ते. ऑफिसात मला कधी असं वाटलं नाही."

वाईट बातमी द्यायला निघाला होता आणि पावाबद्दलच बोलत राहिला! तेवढ्यात होडी खडकावर. दोघांचंही लक्ष नव्हतं.

"आप्पांना सांगू नकोस," म्हणाला.

"मी नाही सांगणार. तू सांग."

१३ जुलै, रविवार

सांगितलं त्याने. आप्पा सुकाणूवर असताना! मी अम्माशेजारी बसले होते, तिचा हात धरून.

आप्पांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. होडी आपोआप वाहत वाहत काठाला लागली. "इंजिनिअर केलं तुला," ते म्हणाले. "पाव भाजायला? बेकरी म्हणजे इथे अय्यंगार लोकांचा धंदा. आपल्या घरात कोणी –" आणि थांबले. अम्माने फक्त "अहो" म्हटलं.

मला वाटलं, आता हर्षा बंदच करतो.

मग अम्माच बोलली. "हर्षा, हात दाखव."

बऱ्याच वेळाने माझ्या फोनवर फोटो आला. दोन्ही हातांचा. चटक्यांचे डाग, नखांच्या कडेला सुकलेलं पीठ. अम्माने फोन घेतला, बघितला, आप्पांच्या हातात दिला. आप्पांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फोटो मोठा करून, अगदी जवळ धरून बघितला. खूप वेळ.

"मळतोस कसं?" शेवटी विचारलं त्यांनी. "हाताने की मशीनने?"

"दोन्ही, आप्पा." आवाज रडवेला.

"हं." कंट्रोलर पुन्हा उचलला. "चल, वल्हव. किती वेळ काठाला उभी ठेवायची होडी?"

१६ जुलै, बुधवार

कॅन्टीनचं काम दामोदररावांना आवडलं! व्हिडिओपेक्षा रंगवलेले कागदच जास्त. भिंतीवर लावणार म्हणाले. संकर्षण थोडा खट्टू, जास्त खूश. त्याच्या आईने पुन्हा बोलावलंय. या वेळी कामाचं नाव कोणी काढलं नाही.

२० जुलै, रविवार

आज आप्पा गेम सुरू व्हायच्या आधीच तयार होऊन बसले होते. पण खेळले कमी. सगळा वेळ प्रश्न. भट्टीला वीज किती लागते. मैदा कुठला. रविवारी दुकान बंद का ठेवायचं. हर्षा उत्तरं देतोय, मी एकटी वल्हवतेय! अम्मा म्हणाली, "खेळा की!" कोणी ऐकलं नाही.

२४ जुलै, गुरुवार

हर्षाने तिकीट काढलं. फक्त यायचं, परतीचं नाही.

आप्पा सकाळपासून स्कूटर घेऊन भट्टी मावेल असं भाड्याचं दुकान बघत फिरतायत.