तारेवरचा लाल टॉवेल

२८ जुलै, सोमवार

धाटावच्या कंपनीतल्या पाच जणांचे कान तपासून झाले. कंत्राटदाराची जीप साडेबाराला दारात, पाचही एकदम. बाहेरच्या खोलीत ओळीने बसले, एकेक आत. सासूबाईंनी टीव्ही मुका केला, कुकर लावला नाही, फोन उशीखाली. तीन वर्षांत घर चांगलं तयार झालंय. तपासणी चालू असताना शिंक आली तर बाथरूम गाठायची, असा नियम आहे आणि सा.बा. तो पाळतात.

लाल टॉवेल सकाळीच मागच्या तारेवर घातला होता. पलीकडे बाळाकाकांचा गणपतींचा कारखाना, भिंतीला भिंत. टॉवेल दिसला की ते रंगाचा कॉम्प्रेसर बंद ठेवतात. फोन नको, हाका नकोत. हेडफोनमधला बारीक ‘टीं’ ऐकून माणसाने बटण दाबायचं, त्यात शेजारी कॉम्प्रेसर म्हणजे झालंच.

चौघे ठीक. शेवटचा संतोष, रोह्याच्या आतल्या गावचा, पॅनेलवर ऑपरेटर. त्याचे दोन्ही कानांत जाडे, म्हणजे खालच्या पट्टीचे सूर कमी आले. तीनदा घेतले, तेच. बटण अगदी मन लावून दाबत होता बिचारा. लिहिलं, रिपोर्ट रोह्याला कंपनीच्या डॉक्टरांकडे पाठवले.

डॉक्टरांचा निरोप: २० ऑगस्टला कंपनीचे अधिकारी माझी खोली बघायला येणार. पास झाली तर सगळ्या कामगारांची वर्षाची तपासणी माझ्याकडे.

दिवसभर सरी. कपडे वाळत नाहीत.

२९ जुलै, मंगळ

नागपंचमी. सा.बां.चे पातोळे, मी फक्त हळदीची पानं पुसली. तेवढ्यात मिठागराकडच्या आजी कानाचं मशीन घेऊन हजर. म्हणे बिघडलं. बिघडलं नव्हतं. सून बोलायला लागली की आजी बंद करतात, एवढंच. सुनेसमोर कसं सांगणार? ‘सेल बदलला’ म्हणाले. आजींनी जाताना डोळा मारला.

१ ऑगस्ट, शुक्र

संतोषचा फोन. कामावरून काढून घरी बसवलंय. पॅनेलवर अलार्म ऐकू यायला हवा, रिपोर्ट असा आहे म्हटल्यावर कंत्राटदार ठेवणार कसा. आवाज चढवला नाही त्याने. “मॅडम, परत एकदा बगाल काय?” एवढंच.

मी काय सांगितलं, तर कान साफ करून घ्या, डॉक्टरांना दाखवा. अगदी रुबाबात सांगितलं. फोन ठेवला आणि त्याचा आलेख काढून बसले. मशीनच्या गोंगाटाने कान गेला तर बारीक सूर आधी जातात. ह्याचे बारीक सूर शाबूत आणि जाडे खाली. दोन्ही कानांचे, सारखेच. त्या दिवशी दिसलं होतं की मला. दिसलं आणि पुढे गेले. का? पाचवा होता, मला भूक लागली होती.

४ ऑगस्ट, सोम

संतोषची बायको आली, रोह्याहून एस्टीने, कडेवर पोर. वेळ न घेता. कान साफ केले, डॉक्टरांनी बघितलं, आत काही नाही. सा.बां.नी “बस गो, आधी चहा घे” म्हणून तिला आत नेऊन बसवलं. मी दुसऱ्या पेशंटमध्ये होते, पण कान तिकडेच.

ती सा.बां.ना सांगत होती: “फाट्यावर एस्टी वळली का गावात पयली ह्यांनाच कलते. मी चपला घालीपरत हे सांगतान, लाल डबा हाय का दुसरी. असा मानूस बहिरा कसा व्हईल?”

सा.बा. म्हणाल्या, आमच्या सुनेचं मशीन कधी चुकत नाही. इतक्या विश्वासाने म्हणाल्या की मला घाम फुटला.

दुसरीकडे करून घ्या म्हणावं, तर कंपनीच्या यादीत ह्या बाजूला मीच. नाहीतर पनवेल. तिथे नंबर लागेपर्यंत कंत्राटदार जागा भरणार. एक माणूस बघून ठेवलाय म्हणे.

६ ऑगस्ट, बुध

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

दुपारी पेशंट नव्हते. मशीन तपासावं म्हणून हेडफोन घालून स्वतःचीच तपासणी घेतली. जाडे सूर खाली. दोन्ही कान, संतोषसारखेच. पहिला विचार काय, तर मी बहिरी होतेय. वय अडतीस, धंदा कानांचा. पुन्हा घेतली, तेच.

एवढ्यात नवरा, प्र., डोलवीच्या कारखान्यातली फर्स्ट शिफ्ट करून आला. दारात उभं राहून म्हणाला, “कॉम्प्रेसर चालू असताना कसली तपासणी करतेस?”

मी म्हटलं, “कुठला कॉम्प्रेसर?”

त्याने मला धरून मागच्या दारात नेलं. कॉम्प्रेसर चालू होता. घुर्र घुर्र, भिंतीला हात लावला तर हाताला लागत होता. सकाळपासून चालू असणार. आज टॉवेल घातलाच नव्हता ना, ते तरी का बंद ठेवतील. मला ऐकूच आला नव्हता. अकरा वर्षं ह्या घरात आहे. पहिल्या वर्षी झोप लागत नव्हती मला इथे, त्या आवाजाने दुपारी डोकं उठायचं. आता तो माझ्यासाठी नाहीच.

म्हणजे मशीन ठीक. माझे कानही ठीक. जाडे सूर त्या घुर्रमध्ये बुडत होते, एवढंच. पण २८ तारखेला टॉवेल होता. मी स्वतः घातला होता.

७ ऑगस्ट, गुरु

बाळाकाकांकडे गेले. नाकाला फडकं बांधून पितांबराचा पिवळा मारत होते. त्यांना सगळं आठवतं, कारण त्या दिवशी ठाण्याची ऑर्डर खोळंबली होती आणि ते टॉवेलाकडे डोळे लावून होते.

“टावेल व्हता तवर बंद ठेवला. तीनच्या सुमारास बगतो तं टावेल नाय. आमाला वाटला, झाला तुझा.”

तीनला सर आली होती. सा.बां.नी तारेवरचे कपडे काढले. सगळे. संतोष आत गेला तीन वाजून पाच मिनिटांनी.

घरी येऊन बघितलं, लाल टॉवेल कपाटात, इतर टॉवेलांबरोबर, घडी घालून. सा.बा. घड्या अगदी काटकोनात घालतात.

टॉवेल तसाच ठेवून कपाट लावलं.

८ ऑगस्ट, शुक्र

नारळी भात. निम्मा पानात टाकला. सा.बां.ना वाटतंय भात बिघडला. दोनदा विचारलं.

प्र.चं म्हणणं सरळ आहे: त्याला बोलव, परत तपास, नवीन रिपोर्ट दे, विषय संपला. कारण कशाला लिहायचंय? ‘पुनर्तपासणी’ म्हण. २० तारखेला खोली बघायला येतायत आणि तू स्वतःच्या हाताने लिहून देणार की ह्या खोलीत चूक होते?

खरं सांगायचं तर मीही हाच विचार करत होते. त्याने बोलून दाखवल्यावर मात्र वाईट दिसला.

पण डॉक्टरांना आडून विचारलं तर ते म्हणाले, पंधरा दिवसांत कान सुधारला असं लिहिलंत तर कंत्राटदार म्हणेल ह्याने काहीतरी जमवलं. म्हणजे कारण लपवलं की चोर संतोष ठरतो.

११ ऑगस्ट, सोम

संतोष आला. टॉवेलाला चार चिमटे. सा.बा. देवळात (मीच पाठवलं). बाळाकाका स्वतः स्विचजवळ स्टूल टाकून बसले, ऐन सीझनला.

सगळे सूर बरोबर. एकही खाली नाही. दोनदा घेतले.

त्याला आलेख दाखवला. म्हटलं तुमच्या कानाला काही झालेलं नव्हतं, चूक माझ्या घरात झाली. टॉवेल, सर, कॉम्प्रेसर, सगळं सांगितलं. सांगताना ते इतकं फुटकळ वाटत होतं की मला लाज वाटली. ह्यापायी एक माणूस दोन आठवडे घरी बसला.

तो रागवेल म्हणून मी तयार होते. रागावला नाही. म्हणाला, दोन आठवडे घरात मीच ‘काय? काय?’ करायला लागलो होतो मॅडम. बायको बोलली की परत विचारायचो. एस्टी वळलेली कळली तरी सांगायचो नाही, म्हटलं भास असेल.

मला रडू आलं. पेशंटसमोर पहिल्यांदाच. त्यानेच पाण्याचा तांब्या पुढे केला.

मग म्हणाला, “हे सगला लिवून द्याल काय?”

मी हो म्हटलं. लगेच म्हटलं ते बरं झालं. थांबले असते तर काय म्हटलं असतं सांगता येत नाही.

१३ ऑगस्ट, बुध

पत्राचे चार कागद फाडले. ‘तांत्रिक कारणामुळे’, ‘अपरिहार्य परिस्थितीत’... सरकारी खात्याला शोभेल असं लिहिता येतं मला, हे आज कळलं.

पाचव्यात लिहिलं: तपासणीच्या वेळी शेजारी यंत्र चालू होते. ते माझ्या लक्षात आले नाही.

दुसरं वाक्य लिहायला अर्धा तास. कानाची तपासणी करणारी बाई लिहून देते की तिला ऐकू आलं नाही.

सा.बां.ना कळलं. बाळाकाकांनी सांगितलं असणार, त्यांच्या पोटात काही राहत नाही. दुपारी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “टॉवेल मी काढला. पत्रात माझं नाव घाल.” मी म्हटलं, आई, पाऊस आला की कपडे काढायचेच असतात. त्या म्हणाल्या, मी तुझी माणूस आहे ना, मला ठाऊक असायला हवं होतं. आणि पुन्हा भाजी निवडायला लागल्या. नाव घातलं नाही. पण ‘तुझी माणूस’ म्हणाल्या. सासू म्हणून नाही, कामावरची म्हणून म्हणाल्या.

१४ ऑगस्ट, गुरु

रोहा. पत्र हातानेच दिलं. डॉक्टरांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला. वाटलं, चांगलं केलंत असं काहीतरी म्हणतील.

“आणि बाकीचे?” म्हणाले.

मला कळलं नाही असं दाखवलं. कळलं होतं. ६ तारखेपासून हेच डोक्यात आहे, इथे लिहायचं टाळत होते. तीन पावसाळे. आलेली प्रत्येक सर. प्रत्येक वेळी कपडे काढले गेले असतील तर? मला तर कधीच ऐकू आलं नसणार.

परतीच्या गाडीत नागोठण्यापर्यंत डोळे मिटून बसले होते. डब्यातली कोणीतरी बाई विचारत होती, बरं नाही का.

१६ ऑगस्ट, शनि

जुनी वही काढली. पावसाळ्यातल्या, दुपारच्या, शेवटच्या नंबराच्या तपासण्या वेगळ्या केल्या. ज्यांचे जाडे सूर खाली आहेत असे सात. त्यातले दोन धाटावचे, एक शाळेतल्या बाई, एक डोलवीचा ड्रायव्हर. तिघांना मशीन बसवलंय मीच.

शाळेतल्या बाईंना फोन केला. म्हटलं एकदा येऊन जा, फुकट बघते. त्या म्हणाल्या, अगं छान चाललंय, मशीनमुळे केवढा फरक पडला. आता?

सातही जणांना बोलावणार. गणपती झाल्यावर. नाही, आधीच.

१८ ऑगस्ट, सोम

डॉक्टरांचा फोन. कंपनीने पत्र वाचलंय. संतोषचा दुसरा रिपोर्टही ह्याच खोलीतला, म्हणून तो तूर्त बाजूला ठेवलाय. २० तारखेला अधिकारी खोली बघतील. खोली चालली तर रिपोर्ट धरणार आणि तो गुरुवारपासून कामावर. नाही चालली तर त्याने पनवेलला जायचं, आणि जागा मात्र एक तारखेला भरली जाणार.

संतोषला कळवलं. “बगू” म्हणाला. मागून बायकोचा आवाज, देवाला नारळ ठेवलाय म्हणून.

प्र.ने सुट्टी टाकून दाराला रबराची पट्टी मारली, आवाज अडवायला भिंतीला आणखी दोन गोधड्या. पत्र लिहू नको म्हणणारा हाच. सा.बा. विचारतायत, चहाबरोबर काय करायचं.

२० ऑगस्ट, बुध

अधिकारी अकराला आले. पन्नाशीचे, बोलणं मोजकं. खोली बघितली, मशीनचे कागद बघितले, गोधड्यांना हात लावून बघितला. लाल टॉवेल कशासाठी ते विचारलं, मी सांगितलं. हसले नाहीत. तारेखाली सा.बा. खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर छत्री. त्यांनाही नमस्कार केला.

मग आत आले, दार लावून घेतलं, पेशंटच्या खुर्चीत बसले. खिशातून आवाज मोजायचं छोटं यंत्र काढलं, पण पालथं ठेवलं. म्हणाले, पत्र तुम्ही लिहिलंत म्हणून विचारतो. मिनिटभर गप्प बसू या.

बसलो. मी कान दिला. गोधड्या. पंखा बंद. माझा श्वास. लांबून कुठेतरी ढोल, मंडळाचा सराव असेल. बाळाकाकांकडे सकाळपासून गिऱ्हाइकांची रांग, आठवड्यावर गणपती. तासभर बंद ठेवतो म्हणाले होते. ठेवला असेलच. पण ठेवला नसेल तर?

“आत्ता शेजारचं यंत्र चालू आहे का?” त्यांनी विचारलं.

संतोष बाहेरच्या खोलीत होता. न सांगता आला होता, सकाळच्या गाडीने.

मी पुन्हा ऐकलं. ‘नाही’ एवढंच म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं.

“मला सांगता येणार नाही,” मी म्हटलं. “थांबा, बघून येते.”

आणि उठले.